मदत हवी आहे: ऑपरेशनआधी रक्त पातळ करायची गोळी बंद करायची का?

रानवारा:
बाबांचं ऑपरेशन पुढच्या मंगळवारी आहे. हाडांचे डॉक्टर म्हणतात, रक्त पातळ करायची गोळी आजपासून बंद. शेजारचे काका म्हणतात, बंद केलीत तर झटका येईल. कुणाचं ऐकू? लवकर सांगा, रात्रीची गोळी द्यायची आहे.

मेघना:
कसलं ऑपरेशन? वय? कोणती गोळी, कशासाठी चालू आहे?

रानवारा:
गुडघा बदलायचा आहे. वय ६८. हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट (ती उघडी ठेवणारी जाळीची नळी) आहे म्हणून तर विचारतोय! नावं आईला विचारतो.

जुना_सांगलीकर:
माझ्या सासऱ्यांची बायपास झालेली. हर्नियाच्या वेळी १५ दिवस आधी सगळं बंद केलं, काही झालं नाही. लसूण आणि अर्जुनसाल सुरू करा.

भूलवाला:
सांगलीकर, कृपा करून असं सांगू नका. बायपास वेगळी, स्टेंट वेगळा. औषध लावलेल्या स्टेंटवर आतून अस्तर धरायला वेळ लागतो. त्याआधी गोळ्या थांबल्या तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते, त्यात ऑपरेशनमुळे रक्त गोठायची ओढ वाढलेली असते. झटक्यानंतरचा स्टेंट असेल तर थांबण्यासारखं ऑपरेशन शक्यतो १२ महिने पुढे ढकलतात, एरवी ६ महिने. रानवारा, स्टेंट कधी टाकला? आणि लसणाचे काढे ऑपरेशनआधी नकोत, रक्तस्राव वाढू शकतो.

काटेसावर:
बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके आणि बीपी कमी करणारी गोळी) मागून घ्या. माझ्या मामांना ऑपरेशनच्या सकाळीच दिली होती.

भूलवाला:
आधीपासून चालू असेल तर थांबवायची नाही, पण त्या दिवशी नव्याने सुरूही करायची नाही. पॉइझ नावाच्या अभ्यासात (२००८, आठ हजारांवर रुग्ण) ऐनवेळी मेटोप्रोलॉल ही बीटा ब्लॉकर दिल्यावर हृदयविकाराचे झटके कमी झाले, पण पक्षाघात आणि मृत्यू वाढले.

काटेसावर:
त्यात डोसच जास्त होता.

भूलवाला:
होता, मान्य. तरी सुरू करायचीच तर आठवडाभराहून आधी, नाडी आणि बीपी बघत.

नर्मदाकाठ:
कॅशलेस असेल तर मंजुरी आधीच घ्या, आमचे दोन दिवस गेले त्यात.

रानवारा:
आईने फोटो पाठवला. रक्त पातळ करायच्या क्लोपिडोग्रेल ७५ आणि ॲस्पिरिन ७५, कोलेस्टेरॉलची ॲटोर्वास्टॅटिन, साखरेची डापाग्लिफ्लोझिन. स्टेंट गणपतीत टाकला, झटका आला तेव्हा.

मेघना:
अहो, आत्ता तर संक्रांत झाली! हे पहिल्यांदाच लिहायचं ना.

भूलवाला:
आजची गोळी चुकवू नका. गुडघा थांबू शकतो. उद्याच फाईल घेऊन स्टेंट टाकणाऱ्या डॉक्टरांकडे जा आणि त्यांना हाडांच्या डॉक्टरांशी स्वतः बोलायला लावा, तुम्ही मध्ये निरोप्या होऊ नका. पुढे तारीख ठरेल तेव्हाही ॲस्पिरिन बहुधा चालूच राहते, क्लोपिडोग्रेल साधारण ५ दिवस आणि डापाग्लिफ्लोझिन ३ दिवस आधी थांबवतात, पण तेही डॉक्टरांनी सांगितल्यावरच. स्टॅटिन चालू. ऑपरेशननंतरचे पहिले दोन-तीन दिवस जपायचे. वेदनाशामकांमुळे छातीत दुखलेलं कळतच नाही, म्हणून ट्रोपोनिनच्या (हृदयाला इजा झाली का ते सांगणाऱ्या रक्ताच्या) तपासणीबद्दल विचारा.

रानवारा:
गोळी दिली. उद्या सकाळी जातो. हॉस्पिटलला आगाऊ रक्कम भरलीय, तारीख पुढे गेली तर परत मिळते का?