मदत हवी आहे: शोकावरचा भयपट, मुख्य भूमिकेतला अभिनय पाहण्यासाठी (तातडीचं)

उंबरठा_२७ | मंगळवार, रात्री ११:५२

राज्य नाट्य स्पर्धेसाठी भयनाट्य बसतंय. माझी भूमिका शोकातल्या माणसाची. दुसऱ्या अंकाचा शेवट काही केल्या जमत नाहीये. दिग्दर्शकांचं रोजचं एकच वाक्य: "रडणं ऐकू येतंय, दुःख दिसत नाहीये." आठ दिवस झाले.

ज्यात भीती दुःखातूनच उगवते आणि मुख्य कलाकाराने जीव ओतलाय, असे भयपट सांगा. भाषा कुठलीही चालेल. 'हेरेडिटरी' पाहिलाय, तो नको. लांबलचक यादीही नको, शनिवारी रंगीत तालीम आहे. एक-दोन नावं आणि त्यातला नेमका कुठला प्रसंग पाहायचा ते. लवकर प्लीज.

नीता_सातारा | बुधवार, सकाळी ७:१०

ताई, डोळे मिटून 'द बाबाडूक' पाहा. २०१४चा, जेनिफर केंटचा. एसी डेव्हिसने अमेलिया केलीय. बाळंतपणासाठी दवाखान्यात जाताना अपघातात नवरा गेला, त्याच दिवशी मुलगा झाला. म्हणजे मुलाचा वाढदिवस हाच नवऱ्याचा स्मृतिदिन, म्हणून ती तो वाढदिवस त्या तारखेला कधी करतच नाही. सहा-सात वर्षं हे असंच चाललेलं.

ती बाई रडते कमी आणि थकलेली जास्त दिसते. डोळ्यांत झोप, दाढ ठणकतेय, आवाजात सारखी अजिजी. आणि मग गाडीत मुलावर ओरडते, "तू नॉर्मल का नाहीस?" तेव्हा मी दचकले, कारण तोवर तिच्या तोंडून असा आवाजच आला नव्हता. तो प्रसंग पाहाच. मी एकटीने वाढवलंय मुलाला, म्हणून सांगते, असा आवाज खराच असतो.

काळोखप्रेमी | बुधवार, सकाळी ९:३५

'हेरेडिटरी' (२०१८) परत पाहा. एकदा पाहून तो कळत नाही. आई झालेल्या टोनी कोलेटच्या जेवणाच्या टेबलावरच्या स्फोटाबद्दल सगळे बोलतात, पण खरी कमाल आधी आहे. मुलीचं प्रेत गाडीत सापडतं तेव्हा कॅमेरा आईवर नाहीच. तो पलंगावर पडलेल्या मुलाच्या चेहऱ्यावर आहे आणि आईचा आक्रोश आपल्याला फक्त ऐकू येतो. दिग्दर्शक अॅरी अॅस्टरने तिचा चेहरा दाखवला असता तर तो प्रसंग निम्मा झाला असता. तिला ऑस्करचं साधं नामांकन मिळालं नाही, याचा राग मला अजून आहे.

नीता_सातारा | बुधवार, सकाळी ९:५०

ताईंनी स्पष्ट लिहिलंय की तो नको. आणि त्यात शेवटी पंथ, राक्षस, राजा असलं सगळं येतं आणि दुःख बाजूला पडतं. 'बाबाडूक'मध्ये दुःख शेवटपर्यंत दुःखच राहतं. शेवटी ती त्याला तळघरात ठेवते आणि वाडग्यात गांडुळं नेऊन खायला घालते. मारत नाही, सांभाळते.

काळोखप्रेमी | बुधवार, सकाळी १०:०२

शेवट सांगून टाकलात! निदान 'पुढे शेवट उघड केला आहे' एवढं तरी लिहा. आणि पंथामुळे दुःख बाजूला पडत नाही, वाढतं. अॅनी, म्हणजे ती आई, लघुप्रतिकृती बनवणारी कलाकार आहे. मुलीच्या अपघाताचीसुद्धा ती छोटी प्रतिकृती बनवते. नवरा विचारतो तेव्हा म्हणते, हे तटस्थपणे पाहणं आहे. शोकातल्या माणसाचं इतकं खरं चित्रण मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

विंगेतून | बुधवार, दुपारी १:२०

दोघंही चांगलं सांगताय, पण धागाकर्त्यांनी काहीच सांगितलेलं नाही. मी तीस वर्षं हौशी रंगभूमीवर आहे, म्हणून विचारतो. कोण गेलंय? केव्हा? भूत रंगमंचावर येतं की नुसता भास आहे? पात्राचं वय काय? आणि मुख्य म्हणजे संहितेत त्या जागी काय लिहिलंय? नवऱ्याचा शोक वेगळा, मुलाचा वेगळा. तेराव्याच्या आतला वेगळा आणि वर्षसरत्या श्राद्धाचा वेगळा. हे कळल्याशिवाय औषध कसं देणार?

उंबरठा_२७ | बुधवार, दुपारी २:०५

मुलगी गेलीय, अपघातात. वर्ष झालंय. भूत दिसत नाही, आवाज येतो. वय ५२. मी नावं विचारलीत हो, संहिता नाही. नावं द्या ना कोणीतरी.

गवती_चहा | बुधवार, दुपारी ३:३०

मग 'ऑर्फनेज' पाहा ताई, २००७चा, स्पॅनिश. बेलेन रुएदा. मुलगा हरवलेली आई. भिंतीला हात लावून पाठमोरं उभं राहायचं, आकडे मोजायचे आणि वळायचं, आपल्या 'स्टॅच्यू'सारखा खेळ. शेवटी ती रिकाम्या घरात एकटी हा खेळ खेळते, मुलं यावीत म्हणून. प्रत्येक वेळी वळताना तिच्या चेहऱ्यावर आशा आणि भीती दोन्ही असतात. आईची भूमिका करणाऱ्या प्रत्येकीने पाहावा.

उंबरठा_२७ | बुधवार, दुपारी ३:४१

मी आई नाही, बाप आहे! म्हणजे भूमिका बापाची आहे. आणि मी पुरुष आहे, २७ वर्षांचा. ताई कोणी ठरवलं?

नीता_सातारा | बुधवार, दुपारी ४:००

दादा, माफ करा. तुम्ही कुठेच लिहिलं नव्हतं. शोक म्हटल्यावर माझ्या मनात बाईच आली, हे मात्र खरं.

विंगेतून | बुधवार, दुपारी ४:२५

बघा, म्हणून विचारत होतो. आता दोन नावं घ्या, दोन्ही बापाची.

पहिलं, 'डोन्ट लुक नाऊ', १९७३, निकोलस रोग. डोनाल्ड सदरलंड आणि ज्युली क्रिस्टी. सुरुवातीलाच लाल रेनकोटातली मुलगी घरामागच्या तळ्यात बुडते. बाप तिला उचलून बाहेर येतो तेव्हा त्याच्या तोंडून जो आवाज निघतो त्याला रडणं म्हणता येत नाही, गुरासारखा हंबरडा आहे. तो एवढ्यासाठी पाहा, की त्यानंतर अख्ख्या चित्रपटात हा माणूस तसा आवाज काढत नाही. व्हेनिसला जातो आणि जुन्या चर्चच्या दुरुस्तीच्या कामाला लागतो. बायकोला एक आंधळी बाई सांगते की तुमची मुलगी मला दिसली, ती आनंदात आहे. बायको त्या शब्दांवर तरून जाते. हा मात्र चिडतो, थोतांड म्हणतो. ज्याला खरोखर पुढचं दिसतंय तोच मानायला तयार नाही. सदरलंड ते सगळं चालण्यातून आणि शिडीवर चढण्यातून दाखवतो.

दुसरं, 'द चेंजलिंग', १९८०, जॉर्ज सी. स्कॉट. बर्फात गाडी बंद पडते, हा समोरच्या टेलिफोन बूथमध्ये असतो आणि काचेतून बघत असतानाच बायको आणि मुलगी ट्रकखाली जातात. पुढे नव्या गावात, मोठ्या रिकाम्या वाड्यात, पलंगावर तो एकटा रडतो. एवढा दांडगा माणूस, 'पॅटन'मध्ये करारी सेनापती केलेला, आणि बघायला कोणी नसताना रडतो. तुमच्या दिग्दर्शकांना जे हवंय ते तिथे असावं.

उंबरठा_२७ | बुधवार, रात्री ९:१५

'चेंजलिंग' अर्धा पाहिला. यात अँजेलिना जोली आहे, मुलगा हरवतो, पोलीस दुसराच मुलगा आणून देतात. भूत कुठे आहे? माझी संध्याकाळ गेली.

काळोखप्रेमी | बुधवार, रात्री ९:२२

तो क्लिंट ईस्टवूडचा, २००८चा. तुम्हाला १९८०चा सांगितलाय, पीटर मेडाकचा. नाव सारखंच आहे, वर्ष बघून घ्या. त्यातला चेंडूचा प्रसंग चुकवू नका. मेलेल्या मुलीचा चेंडू जिन्यावरून टप्पे खात खाली येतो. बाप तो गाडीने नेऊन पुलावरून नदीत टाकतो आणि घरी परततो. दार उघडतो तर चेंडू पुन्हा जिन्यावरून येतोय, आणि या वेळी ओला. स्कॉट ओरडत नाही, पळत नाही. नुसता बघतो.

जुनी_पाने | गुरुवार, सकाळी ८:०५

इंग्रजी चित्रपटांच्या मागे लागण्यापेक्षा नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी वाचा. मराठी माणसाची भीती मराठी घरातच असते: माळा, परसातली विहीर, कोनाडा. मतकरी स्वतः नाटकवाले होते, त्यांच्या गूढकथांत संवाद कसा थांबतो ते पाहा. रात्री दिवा लावून मोठ्याने वाचा.

गवती_चहा | गुरुवार, सकाळी ८:४०

हिंदीत 'तलाश' आहे ना, २०१२, रीमा कागतींचा. आमिर खान पोलीस अधिकारी, मुलगा पाण्यात बुडून गेलेला. रात्रभर झोप नाही, म्हणून मुंबईत गाडी फिरवत राहतो. बायको, म्हणजे राणी मुखर्जी, शेजारणीकडून मुलाचे निरोप ऐकते आणि हा चिडतो. विंगेतून यांनी सांगितलेल्या जोडप्यासारखंच. शेवटी तो मुलाची चिठ्ठी वाचतो आणि तेव्हा कुठे त्याचा बांध फुटतो. दोन तास दाबलेलं एकदम येतं. दादांना इतकं दूर जायची गरज नाही.

काळोखप्रेमी | गुरुवार, सकाळी ९:१०

'तलाश' भयपट नाही, पोलिसी तपासाचा चित्रपट आहे.

गवती_चहा | गुरुवार, सकाळी ९:१४

भूत आहे, मेलेलं मूल आहे, रात्र आहे. आणखी काय हवं? घाबरवण्यासाठी दार आपटायलाच हवं का?

काळोखप्रेमी | गुरुवार, सकाळी ९:३०

बरं, ते राहू दे. उंबरठा, चित्रपट कमी बघा आणि स्वतःच्या आयुष्यातलं एखादं जाणं आठवा. आजी, आजोबा, कोणीही. तालमीआधी दहा मिनिटं अंधारात बसून तेच आठवायचं. आपोआप येईल.

ओली_माती | गुरुवार, सकाळी ११:४५

कृपया असं करू नका. माझा भाऊ चार वर्षांपूर्वी गेला. मी त्याला रोज आठवून स्टेजवर आणलं असतं तर घरी परतायला माझ्याकडे काही उरलं नसतं.

तुम्ही बापाचं विचारलंत म्हणून लिहिते. माझ्या वडिलांना मी एकदाही रडताना पाहिलं नाही. पण भावाच्या मोबाईलचा रिचार्ज ते आठ महिने मारत होते. नंबर बंद पडू नये म्हणून. दुकानदाराने एकदा विचारलं, "काका, हा नंबर लागत नाही का?" तर म्हणाले, "तो बाहेरगावी आहे, रेंज नसते." मी शेजारी उभी होते. आमच्या घरात त्याहून भीतिदायक वाक्य कोणी बोललेलं नाही.

अॅडलेडकर | गुरुवार, दुपारी १२:३०

ओली_माती, वाचून गलबलून आलं.

मी अठरा वर्षं ऑस्ट्रेलियात आहे. 'बाबाडूक' आमच्या अॅडलेडमध्येच चित्रित झालाय, पण मी इथला दुसरा चित्रपट सुचवतो, 'लेक मंगो' (२००८). माहितीपटाच्या ढंगाचा आहे. मुलगी धरणात बुडते आणि घरचे लोक कॅमेऱ्यासमोर बसून सांगतात. संवाद लिहून दिलेले नव्हते, कलाकार स्वतःच्या शब्दांत बोललेत. बाप प्रेताची ओळख पटवून निघतो तेव्हा गाडी बिघडते, फक्त रिव्हर्समध्ये चालते, आणि घरापर्यंतचा सगळा रस्ता ते उलटे येतात. तो हे साध्या आवाजात, तपशील सांगावा तसं सांगतो. बघणाऱ्याला मात्र डोळ्यांसमोर दिसत राहतं, मुलीपासून लांब जाणारी गाडी आणि तिकडेच लागलेली तोंडं.

विंगेतून | गुरुवार, दुपारी १:१०

उंबरठा, आता तरी शेवटचं पान इथे टाका. लेखकाची हरकत नसेल तर पाच ओळी पुरेत.

उंबरठा_२७ | गुरुवार, रात्री १०:२०

लेखक आमच्याच ग्रुपचा आहे, विचारलं. जसंच्या तसं देतो:

"(बाहेर स्कूटर स्टँडवर लावल्याचा आवाज. बाबा घड्याळाकडे पाहतात. उठतात. ताटावरचं झाकण काढतात.)
बाबा: आज उशीर केलास.
(अंधार)"

झाकण काढतानाच मी हुंदका देतो आणि ते वाक्य रडत म्हणतो.

विंगेतून | गुरुवार, रात्री १०:२८

रडणं कुठे लिहिलंय?

उंबरठा_२७ | गुरुवार, रात्री १०:५५

लिहिलेलं नाही. पहिल्या वाचनालाच मी तसं केलं आणि सगळे गप्प झाले, म्हणून ते राहिलं. दिग्दर्शकांनी काढ असं कधी म्हटलं नाही.

नीता_सातारा | गुरुवार, रात्री ११:०५

अहो दादा, तुमची मुलगी घरी आलीय ना त्या क्षणी? वर्षभर ज्या आवाजाची वाट पाहिली तो आलाय. मग तो माणूस रडेल का? मी तर आधी आमटी गरम करायला ठेवेन.

काळोखप्रेमी | गुरुवार, रात्री ११:१२

इथे नीताताईंशी सहमत. तुम्ही रडलात की प्रेक्षकाला कळतं की तुम्हाला ती मेल्याचं ठाऊक आहे. मग भीती उरतच नाही. तुम्हाला ठाऊक नाही आणि आम्हाला ठाऊक आहे, तर भीती. स्कॉट तो ओला चेंडू नुसता बघतो आणि अंगावर काटा आपल्या येतो, तो यामुळेच.

विंगेतून | शुक्रवार, सकाळी ७:३०

मी जरा वेगळं म्हणेन. त्याला ठाऊक आहे. ओली_मातींच्या वडिलांनाही ठाऊक होतं. तरी रिचार्ज मारला. ठाऊक असूनही झाकण काढायचं. आणि वाक्यात किंचित राग असू द्या, रोज उशिरा येणाऱ्या मुलीवर असतो तेवढा. आणखी एक, २७व्या वर्षी ५२चा बाप करताना खांदे पाडून चालू नका, सगळे तेच करतात. उठताना एक हात टेबलावर टेका, बास.

गवती_चहा | शुक्रवार, सकाळी १०:००

दादा, ताटात खरं जेवण ठेवताय की रिकामं? आमच्या वेळी थर्माकोलच्या भाकऱ्या असत आणि पहिल्या रांगेतून दिसायच्या.

उंबरठा_२७ | शनिवार, रात्री ११:४०

रंगीत तालीम झाली. 'डोन्ट लुक नाऊ'चा पहिला अर्धा तास आणि १९८०चा 'चेंजलिंग' पूर्ण पाहून गेलो होतो. रडणं काढलं. पहिल्या खेपेला मी वाक्यच विसरलो, कारण हुंदक्याच्या आधाराने ते आठवायचं. दुसऱ्या खेपेला नीट गेलं. ताटात खरी भाकरी होती, झाकण काढल्यावर वाफ निघाली. दिग्दर्शक काही बोलले नाहीत, फक्त शेवटचं पान तीन वेळा पुन्हा करून घेतलं. आमच्या प्रकाशयोजनेवाल्या काकांनी तिसऱ्या वेळी दिवा चार सेकंद उशिरा घालवला. विचारलं तर म्हणाले, हात उचलला नाही.

ओली_माती, तुमच्या वडिलांची गोष्ट मी तालमीत कोणाला सांगितलेली नाही. सांगणारही नाही.

आता दुसरी अडचण. स्कूटरचा आवाज मोबाईलवरून लावला तर स्पीकरमधून वरून येतो. तो विंगेतून, दारापलीकडून यायला हवा. प्रयोग नऊ दिवसांवर आहे. कोणी केलंय का असं?

विंगेतून | रविवार, सकाळी ६:५०

रेकॉर्डिंग कशाला? जुनी स्कूटर विंगेत उभी करा आणि खरीच स्टँडवर लावा. इंजिन नको. नुसतं लोखंड फरशीवर आपटलेलं ऐकू येऊ दे. नाट्यगृहाच्या व्यवस्थापकांची परवानगी मात्र आधी काढा, आणि टाकीत पेट्रोल ठेवू नका.