चालू प्रणालीतील ‘मास्टर’ आणि ‘स्लेव्ह’ हे शब्द बदलावेत का?

प्रश्न – अंबडवासी
आमची टीम नाशिकच्या अंबड एमआयडीसीतील कारखान्यांच्या मीटरकडून मॉडबसवरून (औद्योगिक उपकरणांच्या संवादाची पद्धत) माहिती घेऊन ती मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये साठवणारे सॉफ्टवेअर सांभाळते. व्हेरिएबलची नावे, स्क्रिप्ट, तंत्रज्ञांसाठीची मराठी पुस्तिका, सगळीकडे ‘मास्टर’ (मालक: माहिती मागणारा संगणक किंवा मूळ डेटाबेस) आणि ‘स्लेव्ह’ (गुलाम: उत्तर देणारा मीटर किंवा डेटाबेसची प्रत) हेच शब्द आहेत. ते बदलावेत असे काही सहकाऱ्यांना वाटते. इतरांच्या मते हा अमेरिकेतला वाद आहे, तो आपण ओढवून घेऊ नये. चालू प्रणालीला हात लावण्याइतके हे महत्त्वाचे आहे का?

उत्तर – पाळीप्रमुख
माझा विरोध आहे. उपकरणाच्या मॅन्युअलमध्ये ‘स्लेव्ह आयडी’ (मीटरचा ओळख क्रमांक) असेच छापलेले असते आणि संपर्क तुटल्यावर रात्रपाळीचा तंत्रज्ञ तोच शब्द शोधतो. मॉडबस संघटनेने जुलै २०२० मध्ये ‘क्लायंट’ आणि ‘सर्व्हर’ हे शब्द स्वीकारले खरे; पण त्यानुसार मीटर हा सर्व्हर आणि आपला संगणक हा क्लायंट ठरतो, आणि हे नवख्या माणसाला हमखास उलटे वाटते.

उत्तर – गोदाकाठ
अडचण खरी आहे, पण वाद परका आहे हे मला मान्य नाही. ज्या शहरात १९३० मध्ये काळाराम मंदिराचा सत्याग्रह झाला, तिथे माणसाला गुलाम ठरवणारा शब्द यंत्रापुरताच आहे म्हणून बिनमहत्त्वाचा मानणे मला पटत नाही. वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय आपल्याच राज्य मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. पाट्या आणि दप्तरे बदलण्याचा त्रास तिथेही होताच. शिवाय जँगो या वेबसाइट बनवण्याच्या सॉफ्टवेअरने हे शब्द २०१४ मध्येच सोडले होते.

उत्तर – डेटाबेसवाला
मायएसक्यूएलपुरता निर्णय आता तुमच्या हातात राहिलेला नाही. त्याच्या ८.०.२२ या आवृत्तीपासून ‘स्लेव्ह’ऐवजी ‘रेप्लिका’ (प्रतिकृती) हा शब्द असलेल्या आज्ञा आल्या आणि २०२४ च्या ८.४ आवृत्तीतून प्रतिकृतीची स्थिती दाखवणारी ‘शो स्लेव्ह स्टेटस’ ही आज्ञा काढूनच टाकली गेली. नव्या आज्ञेच्या उत्तरात, प्रतिकृती मूळ डेटाबेसच्या किती सेकंद मागे आहे ते सांगणाऱ्या ‘सेकंड्स बिहाइंड मास्टर’ या रकान्याचे नाव ‘सेकंड्स बिहाइंड सोर्स’ असे झाले आहे. त्यामुळे जुन्या नावाने रकाना वाचणारी देखरेखीची स्क्रिप्ट नीट लिहिलेली नसेल, तर प्रतिकृती तासभर मागे पडली तरी इशारा येणार नाही, आणि मला खरी काळजी याची वाटते. म्हणून आधी स्क्रिप्ट दुरुस्त कराव्यात, मग कोडमधील नावे बदलावीत. सेटिंग्जच्या फायलींत जुने नावही काही काळ चालू ठेवावे. रेडिस या दुसऱ्या डेटाबेसने पाचव्या आवृत्तीत ‘रेप्लिकाऑफ’ ही आज्ञा आणताना ‘स्लेव्हऑफ’ ही जुनी आज्ञा तशीच चालू ठेवली होती. पाळीप्रमुखांच्या तंत्रज्ञासाठी पुस्तिकेत दोन्ही शब्द शेजारी शेजारी छापावेत आणि पॅनेलवरची लेबले उपकरण बदलेपर्यंत राहू द्यावीत.