शब्दचर्चा : हक्क, अधिकार आणि वहिवाट

दापोलीहून : सातबाऱ्याच्या माथ्यावर छापलेलं असतं 'अधिकार अभिलेख पत्रक'. ज्या फेरफाराने तो बदलतो तो नमुना सहा मात्र 'हक्काचं पत्रक'. तलाठ्याच्या एकाच कपाटातले हे दोन कागद! कायद्यांचीही तीच तऱ्हा : 2005 चा माहितीचा अधिकार, 2015 चा लोकसेवा हक्क. मग दोन्ही एकच समजायचे का? आमची लेक म्हणते, 'अधिकार' हे हिंदीचं वळण.

मालवणहून : लेक अर्धी बरोबर. संविधानाच्या मराठी प्रतीत 'मूलभूत हक्क' आहेत, हिंदीत 'मूल अधिकार'. पण 'अधिकार' मराठीत उपरा नाही. संतवाङ्मयात तो पावलोपावली भेटतो, फक्त तिथे त्याचा अर्थ पात्रता. 'त्यांचा अधिकार मोठा' म्हणजे साधना मोठी. आता पात्रता म्हटली की ती जोखणारा कुणीतरी वर बसलेला आलाच, आणि माझी अडचण तिथेच आहे. 'हक्क' अरबी, मुळात सत्य, वाजवी, ज्याचं त्याला देणं असलेलं. त्यात लायकीची चौकशी नाही. म्हणून आपण 'हक्काचं घर', 'हक्काचा माणूस' म्हणतो. 'अधिकाराचं घर' कोण म्हणेल? खुर्चीतला माणूस अधिकारी असतो, खिडकीबाहेरच्या रांगेतला हक्कदार. माझं मत विचाराल तर नागरिकासाठी 'हक्क' आणि पदासाठी 'अधिकार' राखून ठेवावा.

देवगडहून : यात तिसरा शब्द घ्या, 'वहिवाट'. आमच्या वाडीवर एकाने कलमांच्या बागेला चिऱ्यांचा गडगा घातला आणि खालच्या घरांची पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट, बंद झाली. तहसीलदार पाहणीला आले. त्यांनी म्हाताऱ्या आजींना विचारलं, ''या वाटेवर तुमचा हक्क आहे का?'' आजी म्हणाल्या, ''हक्क नाय, वहिवाट आसा.'' कारकुनाने 'हक्क नाही' एवढंच टिपून घेतलं होतं, पोराने ओरडून थांबवलं!

आजींच्या लेखी हक्क म्हणजे जमिनीची मालकी, आणि ती त्यांची नाहीच. वहिवाट म्हणजे वापरून वापरून रुळलेलं. देवस्थानचा वहिवाटदारही मालक नसतो, कारभार पाहतो. पण 1882 च्या सुविधाधिकार (दुसऱ्याच्या जमिनीतली वाट वगैरे वापरण्याचा हक्क) कायद्याप्रमाणे उघडपणे, विनातंटा, विनाखंड आणि कुणाच्या मेहरबानीने नव्हे असा 20 वर्षं वापर झाला की त्याचा हक्क होतो. ('सुविधाधिकार' हा शब्द मी वाडीवर एकाच्याही तोंडून ऐकलेला नाही.) तहसीलदार पाहतात ते 1906 च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली : अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांत दावा आला का, वाट चालू होती का. मालकी-हक्काचा पक्का निवाडा दिवाणी न्यायालयात.

महाडहून : वहिवाटीचं एवढं कौतुक नको, भाऊ. आमच्या चवदार तळ्यावरचा दावा वहिवाटीच्याच नावाने होता. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मुंबई कायदे मंडळाने 1923 साली केला, महाडच्या नगरपालिकेने 1924 मध्ये. ठराव दप्तरात, तळं जागच्या जागी. 20 मार्च 1927 ला बाबासाहेब आणि हजारो माणसं तळ्यावर उतरून पाणी प्यायली, तेव्हा फिर्यादी न्यायालयात म्हणाले की तळं आमचं, पूर्वापार आम्हीच वापरतो. म्हणजे आजींचाच युक्तिवाद. फक्त आजी वाट मागत होत्या आणि हे दुसऱ्याची वाट अडवत होते. उच्च न्यायालयाचा निकाल यायला 17 मार्च 1937 उजाडला. तळं नगरपालिकेचं, आणि अनादि काळापासूनची म्हणून सांगितलेली ती रूढी शाबीत झाली नाही.

मला यातलं बोचतं ते हे, की ती रूढी शाबीत झाली असती तर? माणसाचं पाणी पिणं जुन्या साक्षीपुराव्यावर टांगलेलं होतं. संविधानाच्या अनुच्छेद 15 मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट नावानिशी लिहिले, तेव्हा कुठे तो प्रश्न मिटला. 'हक्क' तो हाच, तो शाबीत करायला आजोबा लागत नाहीत.

मालवणहून : मान्य. आणि बघा, 'ठराव' हाही शब्द घ्यायला हवा. ठरलं म्हणजे झालं असं मराठी माणसाला उगीच वाटतं.

दापोलीहून : लेकीला वाचून दाखवलं. ती विचारते, आजींच्या वाटेचं काय झालं?

देवगडहून : गडगा तेवढा फोडून बेडं, म्हणजे छोटं फाटक, बसवलंय. गुरं बागेत शिरू नयेत म्हणून कडी आहे, पण दोन्ही बाजूंनी निघते. आजी येता-जाता ती लावून घेतात, आणि मालकाने लावली नाही तर त्याला हाक मारून सांगतात.