प्लेट जॅकिंगचे आकडे जुळत नाहीत, कुठला धरू? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी. खडकात खोदायच्या एका मोठ्या दालनाचं मॉडेल करतोय आणि खडकाच्या मॉड्युलसपाशी (दाबाखाली खडक किती ताठ राहतो त्याचा आकडा) अडकलोय. माझ्यापुढे इतके आकडे आहेत:

कोअरचे (ड्रिलने काढलेल्या दगडी दांड्यांचे) नमुने प्रयोगशाळेत दाबले तेव्हा ५० गिगापास्कल. ड्रिफ्टमध्ये (चाचणीच्या छोट्या बोगद्यात) प्लेट जॅकिंग केलं, म्हणजे जॅकने खडकावर प्लेट दाबून तो किती दबतो ते मोजलं: ६० सेंमी व्यासाची जाड प्लेट, दाब ४ मेगापास्कलपर्यंत. शेवटच्या आवर्तनात खडक ०.५० मिमी दबला, दाब काढल्यावर त्यातलं फक्त ०.२० मिमी परत आलं. पॉयसन गुणोत्तर (दाबल्यावर खडक आडवा किती फुगतो त्याचं प्रमाण) ०.२५ धरून एकूण दबण्यावरून ३.५ येतात, परत आलेल्या भागावरून ८.८. आरएमआर (खडकाच्या प्रतीचे शंभरपैकी गुण) ५५ आहे, म्हणून बिनियाव्स्कींच्या १९७८च्या सूत्राने (दोनपट आरएमआर वजा १००) १० आणि सेराफिम-परेराच्या १९८३च्या सूत्राने १३.३.

म्हणजे खडक एकच आणि उत्तरं ३.५ पासून ५० पर्यंत! वरिष्ठ म्हणतात, "सरासरी काढ आणि पुढे चल." मला ते पटत नाहीये. चूक नेमकी कुठे होतेय?

जुना_कातळ:
सरासरी अजिबात काढू नका. हे एकाच गोष्टीचे पाच अंदाज नाहीत, वेगवेगळ्या गोष्टी आहेत.

५० हा हातात मावणाऱ्या, बिनभेगांच्या दगडाचा आकडा. कोअरमधले तुटलेले तुकडे बाजूला पडतात, धड राहतात तेवढेच यंत्राखाली जातात. डोंगर मात्र त्या दगडांचा आणि त्यांच्यामधल्या सांध्यांचा, म्हणजे भेगांचा असतो. दाब आला की आधी सांधे मिटतात, त्यांतली माती चेपते, दगड स्वतः जेमतेम दबतो. म्हणून ५० मॉडेलमध्ये थेट घालायचाच नाही.

तुमचे ३.५ आणि ८.८ गणिताने दोन्ही बरोबर. पहिला डिफॉर्मेशन मॉड्युलस, त्यात कायमचं दबणंही धरलेलं असतं. दुसरा इलॅस्टिक मॉड्युलस, फक्त परत येणाऱ्या भागाचा. रिपोर्टात नुसतं 'ई' लिहिलं की पुढचा माणूस फसतो, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता चिडही येत नाही.

पण पाचापैकी तीन भाग परत आलेच नाहीत, ही खरी खूण आहे. दोन प्रश्न: ड्रिफ्ट सुरुंगाने काढलाय का? आणि दबणं कुठे मोजलंत?

धागाकर्ता:
सुरुंगानेच. मोजमाप प्लेटवर बसवलेल्या चार डायल गेजवर. मागच्या खडकात काही बसवलेलं नाही.

जुना_कातळ:
मग बहुधा तुम्ही डोंगर मोजलाच नाही, सुरुंगाने खिळखिळी झालेली साल मोजलीत.

समान दाब धरून हिशोब करून बघा. प्लेटच्या त्रिज्येइतक्या खोलीवर, म्हणजे ३० सेंमीवर, ६५ टक्के ताण उरतो. दोन व्यासांवर, १.२ मीटरवर, जेमतेम ९ टक्के. सुरुंगाने अर्धा मीटर जरी हललं असेल तरी प्लेटवरचं बहुतेक दबणं त्या अर्ध्या मीटरमधलंच. यासाठीच प्लेटला मध्ये भोक ठेवतात, मागे ड्रिल करून एक्स्टेन्सोमीटर बसवतात आणि वेगवेगळ्या खोलीवरचे बिंदू किती सरकले ते वाचतात. आतल्या दोन बिंदूंमधल्या फरकावरून मॉड्युलस काढला की साल आपोआप वगळली जाते.

भेगाळ:
मध्ये बोलतो. भेगाळलेल्या खडकाच्या मॉड्युलसचं होक-डीडरिक्सचं २००६चं सूत्र लावून पाहिलं. दगडाचे ५०, जीएसआय, म्हणजे खडकाच्या प्रतीचा आणखी एक निर्देशांक, ५० (आरएमआर वजा ५, आरएमआर १९८९च्या पद्धतीचा असेल तर). सुरुंगाच्या हानीचा डी शून्य धरला तर १५.४ गिगापास्कल, डी १ धरला तर ३.३. तुमचे ३.५ त्याच्या शेजारीच बसतात. योगायोगही असू शकेल, पण जुना_कातळ म्हणतात त्याच्याशी जुळतंय.

फक्त डी १ सगळ्या डोंगराला लावू नका. तो दालनाच्या कडेच्या पट्ट्यापुरता. आतल्या खडकाला लावलात तर सपोर्ट उगाच दुप्पट होईल आणि दोष खडकाला जाईल.

जुना_कातळ:
सहमत. नवी चाचणी मिळेपर्यंत मॉडेलमध्ये कडेला एक पट्टा ३.५चा ठेवा, आत १० आणि १५ अशी दोनदा चालवून बघा. दालन खोदताना एक्स्टेन्सोमीटर बसवून घ्या, खरा आकडा उलट्या गणिताने तिथूनच मिळेल. शेवटी सगळ्यात मोठी प्लेट म्हणजे ते दालनच.

आणि एक फुकटातली चाचणी. प्लेटखालचा मोर्टारचा पॅड कसा घातला होता? पॅडआधी सैल खडक छिन्नीने ठोकून काढायचा असतो. जागेवर जाऊन हातोडी मारून बघा, आवाज खणखणीत येतो की बद्द.

धागाकर्ता:
आत्ताच जाऊन आलो. पॅड थेट सुरुंगाच्या तोंडावर घातलाय, छिन्नी लागल्याची एकही खूण नाही. पॅडच्या कडेला खडकावर हातोडी मारली. छताला जरा तरी वाजतंय, तळाला चक्क बद्द. एका ठिकाणी हाताएवढी चिप बोटांनीच निघून आली.

मागे भोक पाडून एक्स्टेन्सोमीटरसह चाचणी पुन्हा करायची मागणी लिहितोय. ते भोक किती खोल पाडू? १.२ मीटर पुरेल की जास्त?

जुना_कातळ:
जास्त. शेवटचा बिंदू जवळपास स्थिर राहील इतका खोल हवा, नाहीतर तुलना कशाशी करणार? सहा व्यास धरा, म्हणजे साडेतीन मीटरच्या पुढे. आणि त्या भोकातला कोअर फेकू नका, कितव्या सेंटीमीटरवर भेगा विरळ होतात ते मोजून ठेवा.