सूट मागायची कुणी?

"शाळेत धर्माचा तास नको असेल त्याने सूट घ्यावी, विषय संपला," असं काहीजण म्हणतात. इतकं सोपं नाही ते. नॉर्वेत नेमकं हेच करून पाहिलं गेलं. १९९७ पासून तिथल्या शाळांत ख्रिस्ती धर्म आणि सोबत इतर धर्मांची ओळख असा एकच सक्तीचा विषय आला. हेतू वाईट नव्हता, सगळी मुलं एका वर्गात बसून एकमेकांना समजून घेतील असा. पण झुकतं माप ख्रिस्ती धर्माला, आणि सूट मिळायची ती काही भागांपुरतीच, तीही कारण देऊन. काही पालक स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेले. २००७ साली ९ विरुद्ध ८ मतांनी (म्हणजे बघा किती काठावर!) ते जिंकले. न्यायालयाचा एक आक्षेप असा, की सूट मागताना पालकांना आपल्या खाजगी श्रद्धा शाळेपुढे उघड कराव्या लागू शकतात.

आपल्या घटनेचं कलम २८(३) याच्या बरोबर उलटं आहे. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत धर्मशिक्षणाला किंवा उपासनेला बसवायचं तर आधी पालकांची संमती हवी. निदान कागदावर तरी. माझ्या कॉन्व्हेंटात कॅथलिक मुलं कॅटेकिझमला, म्हणजे त्यांच्या धर्मशिक्षणाच्या तासाला जात, आम्ही बाकीचे मॉरल सायन्सला. सकाळची प्रार्थना मात्र सगळेच म्हणायचो, संमती कुणी विचारल्याचं आठवत नाही. आईला त्यात काही वावगं वाटलं नाही. बाबांना वाटायचं, पण मुख्याध्यापिकेला चिठ्ठी लिहायला ते शेवटपर्यंत धजावले नाहीत.