बाबांची पत्र्याची पेटी आणि आपापले गुंतवणुकीचे निर्णय : अनुभव लिहा

उंबरठा :
परवा आईकडे माळा आवरताना बाबांची पत्र्याची पेटी खाली काढली. बाबांना जाऊन चार वर्षं झाली पण ती उघडायचं धाडस कुणी केलं नव्हतं. आत पोस्टाची जुनी पासबुकं, विम्याच्या पावत्यांचा गठ्ठा (रबरबँड वितळून कागदाला चिकटलेला) आणि खाली पिवळ्या पाकिटात तीन कंपन्यांची शेअर सर्टिफिकेटं, कागदी. आईला यातलं काहीच माहीत नव्हतं. म्हणाली, "पैशाचं सगळं तेच बघायचे, मी कधी विचारलंच नाही."

तारखा बघितल्या, सगळी खरेदी १९९२ च्या फेब्रुवारी-मार्चमधली. शेअर दलाल हर्षद मेहताने बाजार चढवला होता ते दिवस. जो तो शेअरच घेत होता म्हणे. एप्रिलनंतर त्याचा घोटाळा बाहेर येऊन बाजार पडला त्यात बाबा आठवडाभर घरात कुणाशी बोलले नव्हते एवढं मला आठवतं, मी अकरा वर्षांची होते आणि मला वाटलेलं माझ्या गणिताच्या मार्कांमुळे गप्प आहेत. त्यानंतर बाबांनी शेअरचं नाव काढलं नाही, सगळं पोस्ट आणि पीपीएफ. पण ती सर्टिफिकेटं त्यांनी विकलीही नाहीत आणि कुणाला सांगितलंही नाही.

आता कळतंय की एक कंपनी बंद पडली, पण उरलेल्या दोघींचं बोनस, स्प्लिट (म्हणजे शेअरची संख्या वाढत जाणं) होऊन बरंच काही झालंय. २००६ ला घर बदललं, पत्ता कळवला नाही, डिव्हिडंडचे चेक जुन्या पत्त्यावर जात राहिले. सलग सात वर्षं डिव्हिडंड कुणी घेतला नाही की ते शेअरही सरकारच्या आयईपीएफ खात्यात (कुणी न मागितलेले शेअर, डिव्हिडंड जमा होतात तो फंड) जातात. तसंच झालंय.

तीन दिवस डोक्यातून जात नाहीये म्हणून इथे लिहितेय. तुम्ही विशीत, चाळिशीत, निवृत्तीनंतर काय ठरवलंत आणि का? सल्ला नको, घडलेलं लिहा.

निवांत :
पहिल्या नोकरीत वडिलांनी हाताला धरून पीपीएफ उघडून दिलं, १९८९. तेव्हा १२ टक्के व्याज, म्हणजे सहा वर्षांत दुप्पट, आज ७.१ वर आलंय. तेव्हा मला राग यायचा की मैत्रिणी साड्या घेतायत आणि माझे पैसे १५ वर्षं अडकले पण पुढे पाच-पाच वर्षं वाढवत गेले आणि मुलीच्या इंजिनिअरिंगची चारही वर्षं त्यातून निघाली. बँकेतले एक काका सांगायचे पाच तारखेच्या आत भरत जा गं, नाहीतर त्या महिन्याचं व्याज जातं. अजून पाळते.

बोरूबहाद्दर :
पेटी वाचून आजोबा आठवले. त्यांच्याकडे इंदिरा विकास पत्रं होती, पाच वर्षांत दामदुप्पट. त्यावर नावच नसायचं, ज्याच्या हातात कागद त्याचे पैसे, नोटेसारखं. आजीने घर बदलताना जुन्या पुस्तकांबरोबर दोन पत्रं रद्दीत दिली. पोस्टात जाऊन काय सांगणार, नोंदच नाही. आजोबा तिला एक शब्द बोलले नाहीत पण आजी शेवटपर्यंत रद्दी स्वतः पान न् पान उलटून बघायची.
बाकी सवडीने लिहितो, कुकर लावलाय.

चाफेकळी :
मी पहिल्यांदाच लिहितेय याबद्दल.

२०१५ ला नवऱ्याने एक कोटीचा टर्म इन्शुरन्स घेतला तेव्हा मी भांडले होते. दरवर्षी एवढे पैसे भरायचे आणि जिवंत राहिलो तर परत काही नाही, हा कुठला हिशोब, त्यापेक्षा मनीबॅक घे म्हटलं. तो म्हणाला, परत मिळायला नको म्हणूनच घेतोय. २०१७ च्या पावसाळ्यात तो गेला, अपघात. मी चौतीस, मुलगा सहा वर्षांचा.

क्लेम आला. कंपनीने त्रास दिला नाही. पण पैसे खात्यात जमा झाल्यावर पंधरा दिवसांत बँकेतून एक मुलगा घरी आला, फार गोड बोलायचा, ताई ताई करत. म्हणाला सगळी रक्कम "गॅरंटीड" योजनेत टाका, मुलाचं आयुष्य निघेल. मी सह्या केल्या. तेव्हा मी कशावरही सह्या केल्या असत्या, मला दिवस कुठला तेही कळत नव्हतं. नशीब माझ्या बहिणीच्या यजमानांनी कागद वाचले. ती एकदाच भरायची ठेव नव्हतीच, दरवर्षी तेवढाच हप्ता दहा वर्षं भरायचा होता. पॉलिसी हातात पडल्यापासून पंधरा दिवसांत परत करता येते (आता तीस दिवस आहेत), बाराव्या दिवशी आम्ही जाऊन परत केली.

मग वर्षभर मी काहीही केलं नाही. पैसे साध्या एफडीत, तीन बँकांत वाटून. लोक म्हणायचे महागाई खाऊन टाकेल. टाकू दे म्हटलं. वर्षाने डोकं ताळ्यावर आल्यावर थोडं थोडं इंडेक्स फंडात (सेन्सेक्ससारख्या निर्देशांकाबरोबर चालणारा म्युच्युअल फंड) टाकायला लागले. ते वर्ष थांबले हा मी घेतलेला सगळ्यात चांगला निर्णय असं मला आजही वाटतं.

निवांत :
चाफेकळी, काय लिहू कळत नाही गं. खूप प्रेम. मुलगा कितवीत आता?

चाफेकळी :
नववीत. माझ्यापेक्षा उंच झालाय :)

सांजवेळ :
माझा अनुभव निवृत्तीचा. नोव्हेंबर २००७ ला निवृत्त झालो. फंड, ग्रॅच्युइटी सगळं एकरकमी हातात, आयुष्यात एवढी रक्कम एकत्र कधी बघितली नव्हती. ऑफिसातले तरुण सहकारी म्हणत साहेब पोस्टात ठेवून काय होणार, बाजार बघा. निम्मी रक्कम इक्विटी फंडात एकाच महिन्यात टाकली. जानेवारी २००८ ला सेन्सेक्स २१ हजारांवर, ऑक्टोबरमध्ये आठ हजारांच्या खाली. रोज संध्याकाळी सौ. विचारायच्या आज किती? मी आकडा कमी करून सांगायचो. शेवटी ऑक्टोबरमध्येच विकून टाकलं, साधारण ५५ टक्के नुकसानीत. नंतर बाजार वर आला हे मलाही माहीत आहे, कृपया ते सांगू नका, मुलाने शंभरदा सांगितलंय. पण पगार बंद झालेल्या माणसाची झोप पंचविशीतल्या माणसाच्या झोपेसारखी नसते. उरलेलं सीनियर सिटिझन स्कीममध्ये ठेवलं, तेव्हा ९ टक्के होते. दर तिमाहीला व्याज जमा झालं की मी आणि सौ. औषधं आणायला एकत्र जायचो.

उंबरठा :
सांजवेळ काका, आकडा कमी करून सांगायचो हे वाचून बाबाच आठवले. ते तर सांगायचेच नाहीत.

धावपळ :
+१ सगळ्यांना. लोकलमधून टाइप करतेय. मार्च २०२० मध्ये नवऱ्याचा पगार निम्मा झाला, २३ तारखेला सेन्सेक्स एका दिवसात ३,९३५ पॉइंट पडला, सासूबाई म्हणाल्या एसआयपी (दर महिन्याला फंडात जाणारे हप्ते) बंद करा, किराणा महत्त्वाचा. मी दोन बंद केल्या, एक हजार रुपयांची चालू ठेवली. त्या एकीनेच पुढे उत्साह दिला. स्टेशन आलं

कोरा कागद :
२४ वय. लिहू की नको असं झालं होतं.
मी ऑप्शन्समध्ये (शेअरचा भाव वर जाईल की खाली यावरचे सौदे) दोन लाख सत्तर हजार घालवले, आठ महिन्यांत. सुरुवातीला एका आठवड्यात अकरा हजार मिळाले होते, त्याच आठवड्याने घात केला कारण मला वाटलं मला जमतं. नंतर एज्युकेशन लोनच्या हप्त्याचे पैसे पण लावले. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीचा अभ्यास नंतर वाचला, एफअँडओमधल्या (फ्युचर्स आणि ऑप्शन्स) वैयक्तिक ट्रेडर्सपैकी ९३ टक्के लोकांनी तीन वर्षांत तोटाच केला. आधी वाचला असता तरी मी स्वतःला त्या उरलेल्या सातातच धरलं असतं, खरं सांगतो. घरी फक्त ताईला माहितीये. आता ॲप काढून टाकलंय, हप्ता परत सुरू केलाय.

सांजवेळ :
बाळा, ताईला सांगितलंस हे फार बरं केलंस. चोवीस वर्षांच्या माणसाकडे ही रक्कम परत मिळवायला अख्खं आयुष्य आहे. ट्रेडिंग करून नाही, पगारातून. आईबाबांनाही सांग. ओरडतील, मग जेवायला वाढतील.

बोरूबहाद्दर :
आलो परत. उंबरठा, सर्टिफिकेटांचं : मी मामांचं केलंय. आधी कंपनीच्या रजिस्ट्रारला (शेअरहोल्डरांच्या नोंदी ठेवणारी संस्था) सर्टिफिकेटवरचा फोलिओ नंबर देऊन पत्र लिहा, शेअर नक्की किती आणि कुठे आहेत ते लेखी घ्या. १ एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर ट्रान्सफर होत नाहीत पण वारसाहक्काने ट्रान्समिशन (वारसाच्या नावावर करणं) होतं, त्यामुळे घाबरू नका. आईच्या नावाने डीमॅट (शेअर कागदाऐवजी इलेक्ट्रॉनिक स्वरूपात ठेवायचं खातं) उघडा, मृत्यूदाखला, वारसाचे कागद लागतील, मग कंपनीकडून हक्काचं पत्र मिळालं की आयईपीएफ-५ फॉर्म ऑनलाइन भरायचा. आम्हाला दीड वर्ष लागलं, दोनदा सहीवरून परत आलं. टक्केवारीवर काम करून देणारे एजंट फोन करतील, मूळ कागद कुणाच्याही हातात देऊ नका.

धावपळ :
अवांतर : उंबरठा, पेटीवर बाबांचं नाव रंगवलेलं आहे का गं? आमच्या आजोबांच्या ट्रंकेवर होतं, पिवळ्या रंगात, गावासकट.

उंबरठा :
आहे ना! पांढऱ्या रंगात, "खाजगी" असंपण लिहिलंय खाली.
बोरूबहाद्दर, खूप आभार, हे सगळं वहीत उतरवून घेतलं. आज आईला घेऊन बँकेत गेलो. तिने आयुष्यात पहिल्यांदा डीमॅटच्या फॉर्मवर सही केली, आणि नॉमिनीच्या रकान्यापाशी थांबून मला विचारलं, "नॉमिनी म्हणजे मालक का गं?" नाही म्हटलं, तो फक्त स्वीकारणारा, मालक वारस. तर म्हणाली मग मृत्युपत्राचंपण बघू याच महिन्यात. मी बघतच राहिले.

निवांत :
वा, आईंना नमस्कार सांग! आणि अरे देवा, आज चार तारीख ना, जाते पीपीएफ भरून येते आधी.