एनईएस इम्युलेटर: कॅसेटमधली चिप हुबेहूब हवी, की गेम चालला म्हणजे झालं?

मॅपरवाला:
एनईएस म्हणजे निन्टेन्डोचा जुना गेम कन्सोल, आणि इम्युलेटर म्हणजे त्याचे गेम फोन-संगणकावर चालवणारं सॉफ्टवेअर. एनईएसच्या बहुतेक कॅसेटमध्ये रॉमसोबत (गेम साठवलेली मेमरी) तिचे तुकडे, म्हणजे बँका, बदलणारी मॅपर चिपही असते, आणि तिच्या खोडी धरूनच काही गेम लिहिलेत. ‘बिल अँड टेड्स एक्सलंट अ‍ॅडव्हेंचर’ बघा. एमएमसी१ ही अशीच चिप रीसेट करायला तो रॉममधल्या एफएफ (बाइटची सर्वात मोठी किंमत) असलेल्या जागेवर आयएनसी (एकाने वाढवण्याची आज्ञा) चालवतो. प्रोसेसर आधी जुना एफएफ परत लिहितो आणि लगेच पुढच्या सायकलला वाढवलेली किंमत, म्हणजे ००. चिप पहिलं लेखन घेते, लागोपाठचं दुसरं सोडून देते. इम्युलेटरने दोन्ही घेतली तर रीसेटनंतर एक फालतू शून्य आत शिरतं, चिपला एकेक बिट करून मिळणारे पुढचे पाच-पाच बिटांचे गट एकाने सरकतात आणि भलतीच बँक लागते. यावर ‘हाच गेम असेल तर दुसरं लेखन गाळा’ असा अपवाद घालणं मला अजिबात पटत नाही. चिपचा नियम लिहा.

जुनाफोन:
मला अपवाद चालतात. एमएमसी३ या दुसऱ्या मॅपर चिपचा ओळी मोजणारा काउंटर पीपीयूची (चित्र काढणारी चिप) ए१२ लाइन (तिच्या पत्त्याची एक तार) वर गेली की घटतो. ते तंतोतंत करायचं तर पीपीयू सायकलगणिक चालवावा लागतो. स्कॅनलाइनमागे (पडद्यावरची एक आडवी ओळ) एकदा घटवला तरी ‘सुपर मारिओ ब्रदर्स ३’ची खालची पट्टी जागेवर बसते. स्वस्त फोनची बॅटरी कशाला जाळायची?

मॅपरवाला:
गेमने पीपीयूच्या २००६ रजिस्टरवर लिहून ए१२ स्वतः हलवली की तुमचा हिशोब चुकला. आणि आज कुणी एनईएससाठी नवा गेम लिहीत असेल, तर तो तुमच्या अपवादांच्या यादीत कुठून येणार? त्याचा गेम इम्युलेटरवर पळेल आणि खऱ्या कॅसेटवर कोसळेल. त्याचे महिने वाया जातील.

सोल्डरगन:
नियमही डोळे मिटून लावू नका. यूएनरॉम या कॅसेट-बोर्डच्या साध्या ७४ मालिकेच्या चिपवर लिहिताना रॉमही आपला बाइट बसवर (डेटाच्या सामायिक तारांवर) ठेवतो, दोन्ही भिडतात. ही टक्कर सरसकट लावली तर ती न धरता लिहिलेले हॅक (चाहत्यांनी बदललेले गेम) बंद पडतात. गेमच्या फाइलीच्या जुन्या हेडरमध्ये (सुरुवातीची माहिती) नुसतं ‘मॅपर २’ असतं, त्यावरून बोर्ड कोणता ते कळत नाही.

मॅपरवाला:
बरोबर. म्हणून तर एनईएस २.० या नव्या हेडरमध्ये सबमॅपर (मॅपरचा उपप्रकार) आहे: १ म्हणजे टक्कर नाही, २ म्हणजे आहे.

जुनाफोन:
लोकांकडच्या फाइलींना जुनेच हेडर आहेत. सेटिंगमध्ये दोन्ही पर्याय द्या, डीफॉल्ट जलद ठेवा.

मॅपरवाला:
पर्याय जरूर द्या, पण डीफॉल्ट अचूकच हवं. नवा गेम लिहिणारा सेटिंगला हात न लावताच चाचणी घेतो.